जुन्या बुलेटचा श्वासमार्ग आणि गॅरेजमधील काही शब्द

“क्लीनर चोक नाहीये, सर. चोक नीट बसत नाही, आणि वर गाडी हवा घेतेय. तुम्ही अजून हवा वाढवून काय केलंत?”

हे वाक्य एका वयोवृद्ध मिस्त्रींनी प्रस्तुत लेखकाला ऐकविले, त्या वेळी त्याचे इंजिन उघडलेल्या अवस्थेत पत्र्याच्या परातीत पडलेले होते. वाक्य साधे मराठी आहे. एकही शब्द अपरिचित नाही. तरीही भाषाशास्त्राच्या अध्यापकास ते समजावयास अर्धा तास लागला, कारण त्यात ‘चोक’ हा शब्द दोनदा व ‘हवा’ हा शब्द दोनदा आला असून चारही वेळा अर्थ निराळा आहे. हे अर्थ आधी कळले असते, तर इंजिन परातीत आले नसते. कारागिरांच्या बोलीचा अभ्यास म्हणजे केवळ शब्दांची टाचणे गोळा करणे, असा जो समज आपल्याकडे आढळतो, त्याला हा अनुभव छेद देतो. या लेखात शब्दांच्या निमित्ताने जुन्या मोटारसायकलीच्या हवा ओढण्याच्या व गाळण्याच्या व्यवस्थेचा विचार करावयाचा आहे. यंत्र समजल्यावाचून शब्द समजत नाहीत. आणि या प्रकरणी तरी उलटही खरे ठरले.

प्रथम यंत्राविषयी. गाडी ३५० सी.सी.ची बुलेट. इंग्लंडातील रेडिचची रॉयल एनफील्ड कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून १९५५ साली एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली, आणि मूळ इंग्रजी गाडी मद्रासेत तयार होऊ लागली. पुढे इंग्लंडातील कारखाना बंद पडला. मद्रासची बुलेट मात्र फारसा बदल न होता दशकानुदशके निघत राहिली. आमची गाडी १९६८ सालची. वडिलांनी ती दुसऱ्या हाताने घेतली होती. तिचा मूळचा ‘अमल’ कार्ब्युरेटर त्यांनी केव्हातरी काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवला आणि त्याजागी मिकुनीच्या धर्तीचा ‘मिककार्ब’ बसविला. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे उलटलेल्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. तेव्हा तो किताबही तिला आता मिळू शकेल. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मि.मी. व दट्ट्याची धाव ९० मि.मी. आहे. गुणाकार करून पाहिल्यास घनफळ ३४६ घन सें.मी. येते.

या घनफळावरून हवेचा हिशेब मांडता येतो. इंजिन चार धावांचे असल्याने दर दोन फेऱ्यांत एकदाच ते हवा ओढते. मिनिटास ४,००० फेऱ्या धरल्यास २,००० घोट झाले; प्रत्येक घोट पुरा भरला तर सुमारे ६९० लिटर हवा लागेल. घोट पुरा भरत नाही. आठ दशांश भरतो असे मानले, तर मिनिटास सुमारे ५५० लिटर, म्हणजे तासास ३३ घनमीटर हवा होते. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सहा ते आठ लिटर हवा घेतो. तेव्हा मूठ उघडी ठेवून घाट चढणारी बुलेट सत्तरऐंशी माणसांचा श्वास एकटी घेत असते. या ३३ घनमीटर हवेचे वजन चाळीस किलोच्या आसपास भरते, आणि तिच्यात मिसळावयाचे पेट्रोल पावणेतीन किलोहून थोडे कमी. मोटारसायकल पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. वजनाने पाहता ती मुख्यतः हवेवर चालते.

आता ही हवा कशी असते? पावसाळ्याखेरीज आपल्या रस्त्यांवरील हवेत किती धूळ असते हे सांगावयास नको. पुढे ट्रक चालला असून रस्ता कच्चा आहे, आणि घनमीटरमागे १०० मिलिग्रॅम धूळ आहे, असे क्षणभर समजा. वरील हिशेबाने तासाभरात तीन ग्रॅमांहून अधिक धूळ इंजिनाच्या तोंडाशी येते. चहाच्या चमच्यात मावेल एवढीच ती असते, परंतु तिच्यातील गारगोटीचे कण सिलिंडरच्या ओतीव लोखंडाहून कठीण असतात. डोळ्यांस दिसणारे मोठे खडे येथे फारसे घातक नव्हेत. दट्ट्याच्या रिंगा व सिलिंडरची भिंत यांच्यामधील तेलाचा थर काही मायक्रॉन जाडीचा असतो; माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन. ज्या कणांचा आकार या थराच्या मानाचा, म्हणजे पाच ते वीस मायक्रॉन, ते थरात शिरून दोन्ही पृष्ठभागांस एकाच वेळी घासतात. जे कण रिंगांच्या खाली उतरतात ते तेलात मिसळतात. जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक छर्‍यांवर फिरत नसून मऊ धातूच्या बुशावर फिरते. अशा बुशात कण रुतून बसतो आणि तेथून क्रँकपिनला कानशीप्रमाणे घासत राहतो. निळसर धूर, तेलाचा खप, किक मारताना पायाला लागणारा जोर कमी होणे, ही सारी पुढची लक्षणे. गॅरेजमध्ये यास ‘कॉम्प्रेशन गेलं’ एवढ्या दोन शब्दांत निकालात काढतात.

येथे ‘गाळणी’ या शब्दाचा विचार करणे अगत्याचे आहे. मराठीत द्रवासाठी गाळणे आणि कोरड्या पदार्थासाठी चाळणे, असा भेद आपण काटेकोरपणे पाळतो: चहा गाळतात, पीठ चाळतात. हवेतील धुळीस कोणते क्रियापद लावावे? पारिभाषिक शब्द घडविताना ‘वायुगाळणी’ असे म्हटले जाते, पण सामान्य माणसाच्या मनात चित्र उभे राहते ते चाळणीचे. भोकाहून मोठा कण अडतो, लहान निसटतो. या चित्रामुळे फसगत होते. जुन्या गाड्यांवर तेलात भिजविलेल्या तारेच्या जाळीची गाळणी असे. तिची भोके एवढी मोठी की पलीकडचा उजेड दिसतो. तरी ती बरीच धूळ पकडते. हवा तारांना वळसे घालीत जाते, जड कणास एवढ्या चपळाईने वळता येत नाही, तो तारेवर आदळतो आणि तेलात चिकटतो. जुन्या ट्रॅक्टरांवर व जीपवर असणारी तेलाच्या वाटीची गाळणी हेच तत्त्व वापरते: हवा खाली येऊन तेलाच्या पृष्ठभागावर एकदम उलटी वळते आणि धूळ सरळ तेलात पडते. मात्र हवेचा वेग कमी असता, म्हणजे इंजिन मंद चालले असता, कण आरामात वळतात आणि ही गाळणी दुबळी होते. घड्या घातलेल्या कागदाच्या गाळणीत तंतूंचे जाळे फार दाट असते. तिच्यातही छिद्राहून लहान असे कितीतरी कण तंतूंना लागून राहतात. इतकेच नव्हे, तर वर धुळीचा पातळ थर बसला की गाळण्याची शक्ती वाढते. वाढतो तो अडथळाही. म्हणजे किंचित मळलेली कागदी गाळणी कोऱ्या गाळणीहून अधिक चांगले गाळते. चाळणीच्या कल्पनेत हे बसत नाही, म्हणूनच उत्साही मालक ती दर आठवड्यास काढून झटकतो आणि झटकताना तिला भेगा पाडतो.

‘फिल्टर’ या शब्दाची व्युत्पत्ती या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. मध्ययुगीन लॅटिनमधील ‘फिल्ट्रम्’ म्हणजे नमदा, लोकर कुटून केलेले जाड कापड. त्यातून द्रव गाळीत, म्हणून गाळण्याच्या साधनास ते नाव पडले. नमद्याला भोके नसतात, तंतू असतात. आमच्या बुलेटची इंजिनातील तेलाची गाळणी आजही नमद्याचीच आहे. शब्दाने व वस्तूने शेकडो वर्षांनंतर अशी पुन्हा गाठ घ्यावी, हा योग भाषेच्या अभ्यासकास सुखावणारा होय.

आता त्या वाक्यातील ‘चोक’कडे वळू. इंग्रजीत हा शब्द गळा दाबणे, गुदमरणे या अर्थाचा. मूठ पिळून जी झडप आपण उघडतो तिचे ‘थ्रॉटल’ हे नावही घशावरून आले असून, गळा आवळणे हाच त्याचा मूळ अर्थ आहे. म्हणजे हवेच्या वाटेवरील दोन्ही भागांची नावे इंग्रज यंत्रज्ञांनी एकाच क्रूर उपमेतून घेतली. मराठीत येताना ‘थ्रॉटल’ मागे पडला. त्याचे काम ‘रेस’ व ‘अ‍ॅक्सिलेटर’ करतात. ‘चोक’ मात्र रुजला आणि त्याला निदान तीन अर्थ फुटले. पहिला क्रियावाचक: ‘पाइप चोक झाला’, म्हणजे तुंबला, येथे मोरी आणि कार्ब्युरेटर यांत भेद नाही. दुसरा वस्तुवाचक: थंड इंजिन सुरू करताना ओढावयाची खिटी. तिसरा जुन्या पुस्तकांतून आलेला, आता क्वचित ऐकू येणारा: कार्ब्युरेटरच्या नळीतील अरुंद गळा, ज्यास व्हेंचुरी म्हणतात.

दुसऱ्या अर्थातही एक मेख आहे. डब्यात ठेवलेल्या अमल कार्ब्युरेटरमध्ये हवेची एक वेगळी सरकपट्टी असते. ती खाली सोडली की हवा खरोखरच अडते आणि मिश्रण दाट होते. तेथे ‘चोक’ हे नाव सार्थ आहे. मिककार्बमधील खिटी मात्र हवा मुळीच अडवीत नाही. ती एक लहानसा दट्ट्या उचलते आणि पेट्रोलची एक जादा वाट मोकळी करते. यंत्र बदलले, नाव तेच राहिले. ‘चोक नीट बसत नाही’ या मिस्त्रींच्या उद्गाराचा अर्थ असा, की हा लहान दट्ट्या आपल्या बैठकीवर घट्ट बसत नाही, त्यामुळे खिटी खाली असतानाही थोडे जादा पेट्रोल सतत गळते. लेखकाने त्याचा अर्थ ‘हवा अडते आहे’ असा केला होता. म्हणजे नेमका उलटा.

‘हवा घेणे’ हा प्रयोग याहून सुंदर आहे. इंजिन हवा घेते यात नवल ते काय, असे कोणीही म्हणेल. परंतु गॅरेजमधील मराठीत ‘गाडी हवा घेते’ म्हणजे ती नको तेथून हवा घेते: कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्या सांध्यातून, वाकलेल्या फ्लँजमधून, चिरलेल्या रबरातून. अशी हवा कार्ब्युरेटरच्या गळ्यातून गेलेली नसते; तिने पेट्रोल ओढलेले नसते; गाळणीही तिने पाहिलेली नसते. रीतसर घेतलेल्या हवेस क्रियापदाची गरज पडत नाही, दोषयुक्त हवेलाच ती पडते. ‘पाणी लागणे’, ‘हवा लागणे’ यांसारख्या प्रयोगांत सामान्य क्रियापद जसे अनिष्टाच्या अर्थाने स्थिरावले आहे, तसेच हे. आमच्या गाडीत चोकची गळती मिश्रण दाट करीत होती आणि सांध्यातील हवा ते विरळ करीत होती; गाडी उभी असता हे दोन दोष एकमेकांना झाकीत होते. इंजिन बऱ्यापैकी घुमत असे, म्हणून सारे ठीक आहे अशी समजूत झाली.

यानंतर जे घडले ते थोडक्यात सांगतो. चढावर गाडीस दम राहत नाही, अशी तक्रार घेऊन लेखक एका गॅरेजमध्ये गेला. “हवा कमी पडते” असे निदान झाले. मूळची गाळणीची पेटी व रबरी नळी काढून टाकण्यात आली आणि कार्ब्युरेटरच्या तोंडावर थेट एक चकचकीत शंकूच्या आकाराची गाळणी चढविण्यात आली. आवाज भारदस्त झाला. पुढच्याच रविवारी वाईहून पाचगणीकडे जाताना पसरणी घाटात इंजिन तापून जाम झाले. सिलिंडरवर उभे ओरखडे होते, दट्ट्याच्या कडेचा धातू पुसला गेला होता.

याची कारणमीमांसा विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी अशी आहे, कारण ‘हवा वाढविली की शक्ती वाढते’ हा समज शिकलेल्या लोकांतही प्रबळ आहे. वातावरणाचा दाब म्हणजे पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ. गाळणीने १०० मि.मी. पाण्याइतकी दाबाची तूट निर्माण केली असे समजा. ती समूळ काढून टाकली, तर सिलिंडरमध्ये जाणारी हवा वाढून वाढून किती वाढेल? १०० भागिले १०,३००, म्हणजे शेकडा एकाहूनही थोडी कमी. अठरा अश्वशक्तीच्या इंजिनात हा लाभ स्वाराला कळणारदेखील नाही. गाळणी काढल्याने गाडी ‘मोकळी’ झाली असे जे वाटते, ते बव्हंशी आवाजामुळे.

परंतु पेट्रोलवर होणारा परिणाम एक टक्क्याचा नसतो. कार्ब्युरेटरमधील फ्लोटची वाटी बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. जेटमधून पेट्रोल वर चढते ते वाटीवरील दाब आणि गळ्यातील दाब यांच्या फरकामुळे. या फरकात दोन भाग आहेत: गळ्यात हवेचा वेग वाढल्याने पडणारी तूट, आणि त्याआधी गाळणीने घडविलेली तूट. पहिली ६०० मि.मी. पाण्याइतकी आणि दुसरी ६० मि.मी. मानली, तर एकूण ओढ ६६० होते. गाळणी काढताच ती ६०० राहते. पेट्रोलचा प्रवाह ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. हिशेब केल्यास तो सुमारे पाच टक्क्यांनी घटतो. हवा एका टक्क्याहून कमी वाढली आणि पेट्रोल पाच टक्के घटले! कारखान्याने जेट निवडले होते ते गाळणी जागेवर आहे असे गृहीत धरून. मिश्रण विरळ झाले की, आणि दाट बाजूकडून विरळतेकडे जाताना विशेषतः, ज्वलनकोशाची उष्णता वाढते. पेट्रोलच्या बाष्पीभवनाने मिळणारा गारवाही कमी होतो. ओतीव लोखंडाच्या, वाऱ्याने थंड होणाऱ्या सिलिंडरात अ‍ॅल्युमिनियमचा दट्ट्या लोखंडाहून अधिक प्रसरण पावतो. घाटात वेग कमी, वारा कमी, मूठ पूर्ण उघडी. वर सांध्यातून येणारी चोरटी हवा होतीच.

यात अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२५ सालापासून देशातील बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या रेणूत मुळातच प्राणवायू असल्याने त्यास कमी हवा पुरते; शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर या मिश्रणास सुमारे १३.५ पट. जुन्या जेटवर चालणारे इंजिन त्यामुळे आठदहा टक्क्यांनी विरळ होते. तेव्हा आजच्या पेट्रोलवर जुन्या गाडीची गाळणी काढून टाकणे हे विरळतेवर विरळता चढविणे होय.

पेटी काढण्याचा दुसरा तोटा समजण्यासाठी एकसिलिंडरी इंजिनाचा श्वास कसा असतो ते पाहिले पाहिजे. हवा सतत वाहत नाही; चार धावांपैकी एकीतच ती ओढली जाते आणि उरलेल्या तिहींत वाट बंद असते. म्हणून ओढण्याच्या क्षणीचा प्रवाह सरासरीच्या सुमारे चौपट असतो. गाळणी थेट तोंडावर बसविली तर तिला हा चौपट झोत सोसावा लागतो. मध्ये दोनतीन लिटरांची पेटी असेल तर ती टाकीप्रमाणे काम करते आणि गाळणीतून हवा बरीचशी एकसारखी वाहते. शिवाय झडप मिटताना आतील हवा उसळून उलटी येते व कार्ब्युरेटरच्या तोंडाबाहेर पेट्रोलची वाफ फेकते. पेटी असल्यास ही वाफ पुढच्या घोटाबरोबर परत आत जाते. नसल्यास गाळणी पेट्रोलने भिजते आणि उरलेले वाऱ्यावर उडून जाते.

ध्वनिविज्ञान शिकविणाऱ्यास हे प्रकरण परिचयाचे वाटावे. पेटी आणि तिचे निमुळते तोंड म्हणजे हेल्महोल्ट्झचा अनुनादक. या शास्त्रज्ञाने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वरांचे गुण मुखपोकळीच्या अनुनादावरून स्पष्ट केले, हे आपण प्रथम वर्षातच शिकवितो. ओठ आवळून ‘ऊ’ म्हणताना अनुनाद खाली उतरतो, तोंड उघडून ‘आ’ म्हणताना वर चढतो. पेटी काढलेल्या बुलेटचा घोष ‘आ’काराकडे झुकतो आणि पेटी असलेलीचा ‘ऊ’काराकडे. ही केवळ गंमत नव्हे. पेटीचे घनफळ ३ लिटर, तोंडाचे क्षेत्र ८ चौ. सें.मी. आणि नळीची प्रभावी लांबी १० सें.मी. धरली, तर अनुनाद सेकंदास सुमारे ९० आवर्तनांचा येतो. ४,००० फेऱ्यांवर इंजिनाचे घोट सेकंदास ३३. दोहोंत पुरेसे अंतर आहे. आवाज कमी व्हावा म्हणून पेटीचे तोंड फार अरुंद केले, तर अनुनाद खाली सरकून घोटांच्या गतीशी येऊन भिडतो आणि एका विशिष्ट वेगावर इंजिन अडखळते. गॅरेजमध्ये यास ‘मिसिंग’ म्हणतात व प्लग बदलतात.

मग सुधारणा करावयाचीच नाही काय? करावयाची, पण हवेच्या वाटेचा क्रम लक्षात घेऊन, आणि प्रथम गळतीपासून. गाळणीनंतरचा प्रत्येक सांधा हवाबंद असला पाहिजे. उत्तम गाळणीशेजारी केसाएवढी फट राहिली तर धूळ फटीतूनच जाते, कारण तेथे अडथळा नाही. याची एक जुनी परीक्षा आहे. गाळणीपलीकडच्या नळीत आतून ग्रीजचे पातळ बोट फिरवावे, शेदोनशे किलोमीटर गाडी चालवावी, मग ते ग्रीज पांढऱ्या कापडावर पुसून बोटांनी चोळून पाहावे. खरखर लागली तर गाळणी बदलण्यापूर्वी रबरी नळी, तिचे पट्टे आणि पेटीच्या झाकणाची कड तपासावी. सिलिंडरकडील सांध्यासाठी इंजिन मंद चालू ठेवून सांध्यावर तेलाचे थेंब सोडावेत. घुमणे क्षणभर बदलले तर तेथून गाडी ‘हवा घेते’. (काहीजण पेट्रोल शिंपडून पाहतात. तापलेल्या इंजिनावर असे करू नये, हे सांगण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही.) कार्ब्युरेटरचा फ्लँज वर्षानुवर्षे आवळून धनुष्यासारखा वाकलेला असतो. काचेवर घासकागद ठेवून तो सपाट करावा, नटा मर्यादेत आवळाव्यात आणि मधला उष्णतारोधक तुकडा फेकून देऊ नये.

त्यानंतर गाळणीचे क्षेत्र. एकाच कागदातून जाणाऱ्या हवेचा वेग निम्मा केला तर अडथळाही निदान निम्म्यावर येतो, धूळ साठविण्याची जागा दुप्पट होते, आणि गाळण्याचा दर्जा कमी होत नाही. मूळ पेटीत मावेल तेवढी अधिक घड्यांची कागदी गाळणी बसविणे ही म्हणूनच निखळ सुधारणा आहे. कापडी किंवा स्पंजाची तेलकट गाळणी धुऊन पुन्हा वापरता येते हे तिचे सोयीचे अंग. परंतु तिचे गाळणे सर्वस्वी तेलावर अवलंबून असते, आणि धुऊन कोरडी बसविलेली तेलकट गाळणी म्हणजे निव्वळ शोभा. उलट कागदास तेल लागू देऊ नये. बुलेटच्या क्रँककेसमधून तेलाची वाफ बाहेर पडते; ती नळी काहीजण गाळणीच्या पेटीत सोडतात आणि कागद आतून तेलकट होऊन तुंबतो. तिच्यासाठी वेगळी डबी लावणे बरे.

पेटीच्या तोंडाबाबत आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. मागील चाक आणि साखळी जेथे धूळ उडवितात तेथे तोंड असू नये. आसनाखाली वरच्या बाजूस वळविलेले तोंड अर्धी लढाई जिंकते. तोंडाची कडही महत्त्वाची. जलशास्त्रातील परिचित आकडे असे, की पेटीत आत घुसलेल्या उघड्या नळीच्या तोंडाशी प्रवाहाच्या गतिज ऊर्जेच्या सुमारे ०.८ पट हानी होते, भिंतीशी समतल धारदार तोंडाशी ०.५ पट, आणि कर्ण्यासारख्या गोलावलेल्या तोंडाशी ०.०५ पटीहूनही कमी. म्हणजे पत्र्याची कड गोल वळविण्याने जो लाभ होतो, तो गाळणी काढण्याने होणाऱ्या लाभाशी तुलना करण्याजोगा आहे, आणि त्यासाठी धूळ आत घ्यावी लागत नाही.

हे सारे झाल्यावरच जेटला हात लावावा. मुठीच्या पहिल्या अष्टमांशापर्यंत पायलट जेट व हवेचा स्क्रू, तेथून चतुर्थांशापर्यंत सरकदट्ट्याचा कापलेला काठ, पाऊणपर्यंत सुई, आणि शेवटी मेन जेट, अशी कामाची साधारण वाटणी असते. हवेचा स्क्रू आत फिरविला तर मिश्रण दाट होते, सुई वर उचलली तरीही. अमलच्या मेन जेटवरील अंक म्हणजे मिनिटास किती घन सें.मी. पेट्रोल वाहते याचे माप, आणि सरकदट्ट्यावरील अंक म्हणजे इंचाचे सोळावे भाग. मिकुनीच्या मोजणीशी या अंकांची अदलाबदल होत नाही, हे न कळल्याने अनेकांनी पैसे दवडले आहेत. प्लगचा रंग पांढराफटक असेल तर मिश्रण विरळ, काजळी असेल तर दाट, हा ठोकताळा अजून उपयोगी आहे. पण इथेनॉलयुक्त पेट्रोलावर रंग फिका येतो, हे ध्यानात ठेवून निर्णय करावा.

अडथळा मोजण्यास महागडे उपकरण लागत नाही. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बसवून तिच्यात रंगीत पाणी भरावे व एक टोक गाळणीपलीकडच्या नळीस टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून जोडावे; छिद्र बारीक असल्याने घोटांची थरथर विरते आणि पाण्याची पातळी स्थिर दिसते. नवी गाळणी, मळलेली गाळणी आणि गाळणीविना, अशी तीन मापे एकाच वेगावर घेतली, की वर मांडलेला एक टक्क्याचा हिशेब प्रत्येकास स्वतः पडताळता येईल.

आमच्या गाडीचा सिलिंडर एक माप वाढवून बोअर केला. पेटी माळ्यावरून खाली आली. अमलही आता डब्याबाहेर आहे. त्याचे नाव अ‍ॅमॅक, ब्राउन अँड बार्लो व बिंक्स या तीन कारखान्यांच्या १९२७ सालच्या एकत्रीकरणातून, ‘अमलगमेटेड’ या शब्दाच्या आद्याक्षरांनी तयार झाले. संस्कृतात ‘अमल’ म्हणजे मलरहित, हे त्या इंग्रज कारखानदारांस ठाऊक असण्याचे कारण नाही. मिस्त्रींना हा अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, “नावाला निर्मळ आहे, सर, वाटी उघडून बघा.” वाटीत बोटभर गाळ होता.

‘हवा घेणे’, ‘चोक’, ‘दम टाकणे’, ‘मिसिंग’ या शब्दांचे येथे दिलेले अर्थ पुणे व सातारा या भागांतील गॅरेजांत ऐकलेले आहेत. विदर्भ, मराठवाडा, कोकण व गोवा येथील वाचकांना याच दोषांसाठी निराळे शब्द किंवा याच शब्दांचे निराळे अर्थ आढळले असतील, तर ते गाडीचा व कार्ब्युरेटरचा प्रकार नमूद करून विभागाकडे पाठवावेत.